यादीत नसलेलं ऊन

जवारी परत काढणीला आली. परवा सकाळी बांधावर जाऊन उभा राहिलो तर सगळं रान वाळून पांढरं पडलेलं. वारं आलं की ताटं एकमेकांना घासतात आणि कुणीतरी लांबवर कागद चुरगाळल्यासारखा आवाज होतो. माघ सरायला लागला की अणदूरच्या शिवारात हा आवाज असतोच, आणि मी तो पंच्याहत्तर वर्षं ऐकतोय. पण यंदा तो कानावर पडला आणि मला जवारी आठवलीच नाही. मला आठवल्या काळ्या पडद्यावर खालून वर सरकणाऱ्या हिरव्या ओळी, आणि त्यात मधेच एखादी लाल.

याला कारण मागच्या सालची सुगी.

माझी नात शीतल, माझ्या थोरल्या पोराची लेक. पुण्यात कॉम्प्युटरचं काम करते. मागच्या सुगीत तिची आई, म्हणजे माझी सून, परसात घसरून पडली, पायाला प्लास्टर चढलं, आणि ऐन काढणीत घरात भाकरी थापायला कुणी उरलं नाही. शीतल फोनवर म्हणाली, मी येते, माझं काम कुठनंही होतं. मला ते पटलं नव्हतं. कुठनंही होतं ते काम कसलं? रान उचलून पुण्याला नेता येतं का? पण ती आली. ओसरीच्या ज्या कोपऱ्यात मोबाइलला रेंज येते तिथं तिनं बाज टाकली, पाठीला उशी घेतली आणि मांडीवर लॅपटॉप.

नोकरीचं काम ती तिसऱ्या प्रहरापर्यंत उरकायची. मग चहा करायची आणि दुसरंच एक काम काढायची. त्या कामाचं तिला कुणी काही देत नव्हतं. तरी त्याला बसली की तिचा चेहरा बदलायचा, लहानपणी चिंचा पाडायला दगड उचलायची तेव्हा व्हायचा तसा. म्हणून मी नोकरीचं सोडून त्या दुसऱ्या कामाची चौकशी सुरू केली.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. पण न समजलेली गोष्ट डोळ्यांसमोर ठेवून मला गप्प बसता येत नाही. लोक याला हट्ट म्हणतात. म्हणू द्या.

तिनं सांगितलं ते असं. नकाशे काढायचा एक मोठा प्रोग्राम आहे. सव्वीस वर्षांचा जुना. जगातल्या कितीतरी लोकांनी तो थोडा थोडा लिहिलाय. कुणीही घ्यावा, उघडून बघावा, दुरुस्त करावा. मी विचारलं, मालक कोण? म्हणाली, मालक नाही, सगळ्यांचाच. मला हसू आलं. मी सामाईक विहीर बघितलेला माणूस आहे. म्हणालो, मग भांडणं होत असतील.

"रोज होतात आबा. पण लिहून होतात."

हे मला आवडलं. लिहून भांडायचं म्हणजे हातात काठी घेता येत नाही, आणि काल काय बोललो ते आज नाकारता येत नाही.

आता त्यात तिचं काम काय, हे कळायला मला आठ दिवस लागले. जसं कळलं तसं सांगतो, चुकलं तर चूक माझी. ते जे लाखो ओळींचं लिहिलेलं असतं ते रानात उभ्या पिकासारखं असतं. माणसाला वाचता येतं, पण कॉम्प्युटरला तसंच्या तसं खाता येत नाही. ते फोडावं लागतं, सांधावं लागतं, कुठलं आधी आणि कुठलं मागनं याचा क्रम लावावा लागतो, तेव्हा कुठं चालणारा प्रोग्राम हाती येतो. याला ती लोकं बिल्ड म्हणतात. मी ऐकून घेतलं आणि म्हणालो, म्हणजे मळणी.

शीतलची बोटं थांबली. माझ्याकडं वळून म्हणाली, "व्हय आबा. मळणीच. आणि मी खळं बदलायलेय."

जुनं खळं एकाच माणसानं बांधलेलं होतं. हेन्रिक नावाचा म्हातारा. सहा महिने बर्फ पडतो अशा कुठल्या तरी देशात राहतो. त्यानं सव्वीस वर्षांपूर्वी क्रम लावून दिला, आणि तेव्हापासून तोच क्रम. एक काम संपलं की दुसरं, दुसरं संपलं की तिसरं. सगळं व्हायला सव्वा तास. नव्या पद्धतीत दहा कामं एकदम चालतात आणि चार-पाच मिनिटांत सगळं उरकतं. शिवाय जुन्यातलं कुठला दोर कुठं बांधलाय हे त्या एका म्हाताऱ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. त्याला उद्या काही झालं तर?

माझ्या सुनेनं त्याचा हेन्रिकराव करून टाकला. पाय उशीवर ठेवून ती आतनं विचारायची, काय म्हणतेत आज हेन्रिकराव? हेन्रिकराव रोज तेच म्हणायचे. जुनं चालतंय, सव्वीस वर्षं चाललंय, मोडलंय काय?

खोटं कशाला लिहू, मला त्याचं पटायचं. एकदा तसं बोलून गेलो. शीतलनं लॅपटॉप मिटला.

"आबा, तुम्ही कुणाच्या बाजूनं?"

"म्या कुणाच्याच न्हाय. पण त्यो चुकीचं बोलायला न्हाय."

त्या दिवशी माझ्या ताटातल्या आमटीत मीठ जास्त होतं. मुद्दाम होतं का, देव जाणे.

देवावरनं आठवलं. आमच्याकडं देवसुद्धा घर बदलतो. खंडोबा काही महिने अणदूरला आणि काही महिने नळदुर्गाला. देवळं दोन, मूर्ती एक. पण देव हलवायच्या आधी दोन्ही गावची माणसं समोरासमोर बसतात, कधी न्यायचा, कधी परत आणायचा ते कागदावर लिहितात, आणि मगच पालखी उचलतात. देवाच्या बाबतीतही तोंडी व्यवहार नाही. शीतलच्या मंडळींनी तसंच लिहून ठेवलं होतं. पाडव्याच्या आधीचा रविवार ही अखेरची तारीख. त्या दिवशी मागचे सलग पंधरा दिवस नवी पद्धत एकदाही न अडखळता चाललेली असली पाहिजे. तशी चालली तर जुनं काढून टाकायचं. नाही चालली तर शीतलनं केलेलं बाजूला ठेवायचं आणि विषय बंद. दोन्ही सांभाळायला त्यांच्याकडं माणसं नव्हती. तिच्या आधी एकानं असाच प्रयत्न केला होता. त्याचं बाजूला ठेवलं आणि तो पुन्हा तिकडं फिरकला नाही. शीतलचे दीड वर्षाचे सगळे शनिवार-रविवार त्यात गेले होते. मावशीच्या पोरीच्या लग्नाला ती आली नव्हती. तेव्हा आम्ही तिला काय काय बोललो होतो, ते मला ओसरीत बसून आठवायचं आणि मी बाजेवरनं उठून उगीच बैलांकडं जाऊन यायचो.

काढणीचे दिवस. दहिवर असेपर्यंत जवारी उपटायला मऊ जाते, म्हणून बायका उजाडायच्या आत रानात. हाताला चिंध्या गुंडाळलेल्या. एक हिसका दिला की धसकटासकट ताट वर येतं, आणि त्याबरोबर गार मातीचा वास. ऊन चढलं की पानांच्या कडा कापायला लागतात. मी आता उपटत नाही, पण पेंढ्या बांधणाऱ्यांच्या मागं उभा राहून चुका काढतो. दहा-अकराला घरी यायचो आणि शीतलच्या बाजेशेजारी बसायचो. तिची नोकरी चालू असली तरी नव्या खळ्याची मळणी एका बाजूला दिवसभर चालूच असायची, आणि ती कशी बघायची ते तिनं मला दाखवून ठेवलं होतं. हिरवं म्हणजे पार पडलं, लाल म्हणजे अडलं. ती आईला जेवायला वाढायला आत गेली की राखण माझ्याकडं.

एकदा वीज गेली आणि मी घाबरून हाक मारली. ती आतनं हसत म्हणाली, आबा, मळणी इथं नाही चालू, ती दुसऱ्या देशात चालू आहे, आपण फक्त बघायलोय. माझं डोकं त्यानंतर दोन दिवस तिथंच अडकलं. खळं एका देशात, पीक दहा देशांत, आणि राखणदार अणदुरात.

माझा धाकटा भाऊ गोविंद शेजारच्याच घरात राहतो. रोज दिवस कलला की चहाला येतो, पायरीवर बसतो आणि खोड्या काढतो. म्हणायचा, "दादा, काय दिसतंय त्या डब्यात? तुझं नाव हाय का?" पण त्याचंही लक्ष असायचं. चार दिवसांत तो पण विचारायला लागला, आज कितवा?

त्या दिवशी अकरावा होता. दहा दिवस सगळं हिरवं गेलेलं. पुरणपोळी करायचं सुनेनं बसल्याजागी ठरवून टाकलेलं. आणि माझ्या डोळ्यांदेखत एक ओळ लाल झाली.

"शीतल, लाल झालं गं."

ती आली, बघितलं, आणि बाजेच्या कडेला बसली. मोजणी परत एकपासून. तारखेला अठरा दिवस उरलेले. तिला राग याचा होता की कारणच सापडत नव्हतं. काही न बदलता परत चालवलं की हिरवं. नऊ वेळा हिरवं, दहाव्यांदा लाल, आणि लाल का झालं ते विचारावं तर कॉम्प्युटर म्हणतो, एक वस्तू जागेवर नव्हती. बघायला जावं तर वस्तू जागेवर. असं आधीही तीनदा झालं होतं. तिनं ज्याला त्याला विचारलं होतं. कुणाला काही सांगता येत नव्हतं.

मी विचारलं, जुन्यात असं कधी झालंय का? म्हणाली, सव्वीस वर्षांत नाही.

"जुनं सावकाश चालतंय म्हणलीस."

"हो."

"मग सावकाशीत जे आपसूक व्हायचं, ते कुणी लिहून ठिवलंय का?"

तिनं लॅपटॉप बाजूला सरकवला. आणि मग मी जे कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगायला लागलो. गोविंद पायरीवर बसलेला होता. त्याच्यासमोर सांगावं लागलं.

आमच्या भावकीत चार घरांत मिळून एक खळं होतं. चोपून, शेणानं सारवून तळहातासारखं गुळगुळीत केलेलं, मधोमध तिवडा, म्हणजे बैल ज्याच्याभोवती फिरतात तो खांब. सोळाव्या वर्षापासून कणसं तुडवणाऱ्या बैलांची पात मी हाकायचो. वारं सुटलं की उपणायला वावडीवर, त्या उंच तिवईवर, मी चढायचो. दाणा पायाशी पडायचा आणि भुसकट लांब उडायचं. कुठल्या वाऱ्याला सूप किती तिरकं धरायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही कुणाला शिकवलं नाही. माझी ऐट होती ती. मग चाळीसेक वर्षांमागं गोविंदनं मळणीयंत्र आणायचं काढलं. म्हणाला, पंधरा दिवसांचं काम एका दिवसात होतंय. मी म्हणालो, मग उरलेले चौदा दिवस करायचं काय? त्यानं ऐकलं नाही. यंत्र आलं. मी बाभळीखाली बसून राहिलो, हात लावला नाही.

दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं. दाणा पेवात टाकला. आता पेव कुणी वापरत नाही म्हणून सांगतो. जमिनीत खोल खड्डा, तोंड लहान, पोट मोठं, आतनं कडब्याचं अस्तर, वर दगड ठेवून मातीनं लिंपायचं. कोरडा दाणा त्यात दोन-दोन वर्षं टिकतो. आम्ही श्रावणात दगड सरकवला तर आतनं वाफ आली. वास असा, की बायकांनी पदर नाकाला लावले. दाण्याचे काळे गोळे झाले होते. त्या साली चार घरांनी विकतचं खाल्लं. यंत्रानं जवारी नासवली, असं मी गावभर सांगितलं. पाहुण्यांत सांगितलं. चाळीस वर्षं सांगत आलो.

खरं काय होतं? चार घरं आणि खळं एक, म्हणून कणसं मोडून ढीग घातले की आपली पाळी यायला आठ-दहा दिवस जायचे. त्या दिवसांत ऊन आपलं काम करत होतं. बायका येता-जाता पायानं कणसं खालीवर करायच्या. त्याला कुणी काम म्हणत नव्हतं. मला कुणी विचारलं असतं की मळणीची कामं कुठली, तर मी काढणी, मोडणी, पात, उपणणी अशी घडाघडा सांगितली असती. वाळवणी माझ्या तोंडात आली नसती. यंत्राला पाळी नव्हती. पाळी नाही म्हणून वाट बघणं नाही, आणि वाट बघणं नाही म्हणून ऊन नाही.

हे मला श्रावणात कळलं असं नाही. पेवात टाकायच्या आधी मी त्या राशीतला दाणा उचलून चावून बघितला होता. वाळला दाणा दाताखाली फुटतो. तो दबला. मला त्याच वेळी कळलं होतं की हे टिकणार नाही. आणि मी दाणा थुंकून परत बाभळीखाली जाऊन बसलो. मला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मी सांगितलं नाही.

एवढं बोलून मी गोविंदकडं बघितलं. तो शिव्या देईल असं वाटलं होतं. त्यानं कप खाली ठेवला.

"मला म्हाईत हाय," तो म्हणाला. "तू दाणा चावला अन् थुकला, म्या बघितलं व्हतं. त्याच टायमाला समजलो, काय तरी बिघडलंय. पण म्या तुला इचारणार व्हतो का? तू दोन महिनं माझ्यासंगं बोलत नव्हतास."

मग आतनं माझी सून म्हणाली, "दोघांच्या अकडीपायी चार घरांची जवारी घालवली म्हणा की." आणि गोविंद हसला. मग मलाही हसावं लागलं. पण मला ते हसणं पचायला बरेच दिवस गेले. एकानं सांगितलं नाही आणि दुसऱ्यानं विचारलं नाही, आणि दोघांच्या मधे जवारी सडली.

मी शीतलला म्हणालो, तुझ्या त्या हेन्रिकला विचार.

ती म्हणाली, तो तर विरोधात आहे. तो कशाला मदत करील?

"इरोधात हाय म्हणूनच त्याला म्हाईत असंल. म्या बाभळीखाली बसून जेवढं मशीन बघितलं, तेवढं चालवणाऱ्यानंबी बघितलं न्हाय. पण त्यो आपण हून सांगायचा न्हाय. इचारावं लागंल."

तिनं तिथंच लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर मी ते मराठीत करून ऐकवायला लावलं. अमुक ठिकाणी अमुक चूक येते, आपल्या जुन्या मांडणीत याचं कारण आढळत नाही, कृपया खुलासा करावा. मी म्हणालो, ही चिठ्ठी नाही, नोटीस आहे. मामलतदार कचेरीतनं आल्यासारखी. आधी माणसाची खुशाली विचार. बर्फ वितळला का ते विचार. सव्वीस वर्षं एकदाही न अडता चालवलंस ते कसं, हे विचार, आणि माझ्या नव्या खळ्यात तुला काय दिसतंय ते विचार. ती आधी नाही म्हणाली. हे असं तिकडं कुणी लिहीत नाही. मी म्हणालो, तिकडची माणसं काय दगडाची हाईत? मग तिनं नव्यानं लिहिलं, आणि मला न विचारता त्यात माझी जवारी, पेव आणि बाभूळही घातली. नंतर कळलं तेव्हा मी थोडा चिडलो. आमची भानगड समुद्रापलीकडं गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलेलं. लांबलचक. शीतल ते वाचत होती आणि तिच्या तव्यावरची भाकरी करपत होती. पहिलीच ओळ तिनं मला सांगितली. मला वाटत होतं, कुणी विचारणार नाही.

तिनं एक विचारलं होतं, त्यानं सात गोष्टी सांगितल्या. पहिली तीच, जिच्यापायी लाल होत होतं. त्या प्रोग्राममध्ये मदतीची पानं, म्हणजे तो कसा वापरायचा ते सांगणारी, तपासायचं एक काम असतं. ते करता करता गावांच्या नावांची एक यादी आपोआप तयार होऊन बाजूला पडते. नकाशा काढणाऱ्या कामाला ती यादी लागते. पण लागते असं कुठंच लिहिलेलं नव्हतं, कारण हेन्रिकनं मदतीची पानं सगळ्यात आधी ठेवली होती. का ठेवली, तर बाकीचं चालेपर्यंत ती वाचत बसायला त्याला आवडायचं म्हणून. नुसती आवड. त्या आवडीमुळं सव्वीस वर्षं यादी वेळेत तयार असायची. नव्या पद्धतीत दोन्ही कामं एकदम सुटत. बहुतेक वेळा यादी पुढं जायची. कधीतरी नकाशा पुढं जायचा, आणि लाल.

"त्याला माहीत होतं आबा," शीतल म्हणाली. तिच्या आवाजात राग होता. "पहिल्या महिन्यापासून माहीत होतं. म्हणतो, तुमचं सगळं ठरलेलं होतं, मला वाटलं तुम्हाला ऐकायचं नाही."

"मलाबी म्हाईत व्हतं," मी म्हणालो.

करपलेली भाकरी तिनं माझ्या ताटात वाढली.

सात गोष्टी नीट करायला तिला तीन दिवस लागले. म्हणजे बरोबर पंधरा उरले. एकही लाल आता परवडणार नव्हता. सुनेनं पुरणाचं नाव काढायचं बंद केलं. मी रानात कमी जायला लागलो. कडब्याची गंज रचताना गोविंदनं गंजीवरनं ओरडून विचारावं, कितवा, आणि मी खालनं बोटं दाखवावीत. नवव्या दिवशी आभाळ आलं आणि सगळा गाव पेंढ्या झाकायला धावला, मीही धावलो, पण ताडपत्री ओढताना माझ्या मनात ओसरीतली ओळ होती. गारा पडल्या नाहीत. आभाळ तामलवाडीकडं निघून गेलं.

तेराव्या दिवशी लाल झालं.

शीतलनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. अर्ध्या तासानं तिला कारण कळलं. तिकडच्या एका कॉम्प्युटरची जागाच भरून गेली होती, त्याला काही लिहायला जागा उरली नव्हती. तिची चूक नव्हती. पण कागदावर लिहिलेलं होतं, एकदाही न अडखळता. आणि लिहिलेलं ते लिहिलेलं. ती लोकं चर्चा करायला लागली. कुणी म्हणालं धरू नये, कुणी म्हणालं नियम तो नियम. मला काळजी एकाचीच होती. हेन्रिकनं नियमवाल्यांच्या बाजूनं नुसती मान हलवली असती तरी विषय संपला असता. त्याला हवं होतं तेच झालं असतं, आणि कुणी त्याला नाव ठेवलं नसतं. मी त्याच्या जागी असतो तर? मी स्वतःला हे दोन-तीनदा विचारलं आणि उत्तराच्या जवळ गेलो नाही.

त्यानं दोन ओळी लिहिल्या. हा कॉम्प्युटर भरला होता, जुनी पद्धतही आज तिथं अडलीच असती, मी आत्ताच चालवून बघितलं. हे धरू नका.

त्यानं बोलायच्या आधी चालवून बघितलं होतं. मला तो माणूस त्या दिवशी माझ्यापेक्षा मोठा वाटला, आणि हे मी सहसा कुणाबद्दल लिहीत नाही.

चौदावा गेला. पंधरावा गेला. रविवारी तिकडच्या मंडळींनी हो म्हटलं. शीतलनं मला सांगितलं तेव्हा मी तोंडात पान धरून बसलो होतो, ते थुंकून आधी गोविंदला हाक मारली. सुनेनं प्लास्टरच्या पायानं उभी राहून पुरण घाटलं.

आता जुनं काढून टाकायचं राहिलं. ते काम शीतलचंच होतं, तिच्या नावावर लिहिलेलं. एक कळ दाबली की सव्वीस वर्षं गेली. तिनं दाबली नाही. तिनं हेन्रिकला लिहिलं, हे तुम्ही बांधलंय, तुम्हीच काढा, तुम्हाला वाटेल तेव्हा. हे मी सुचवलेलं नव्हतं. ते तिचं होतं.

सोमवारी काही नाही. मंगळवारी काही नाही. मी तिला दोनदा विचारलं, त्याला घाई करा म्हणून कळवलंस का? ती म्हणाली, नाही, आणि कळवणारही नाही. बुधवारी पाडवा. गुढी उतरवायच्या वेळेला ती ओसरीतनं म्हणाली, "काढलं आबा त्यांनी." मी जाऊन बघितलं. लांबच लांब यादी होती, आणि प्रत्येक ओळ लाल. पण ही लाल वेगळी, तिनं सांगितलं. ही काढून टाकल्याची लाल. ती बोट धरून खाली खाली सरकवत गेली आणि ती यादी संपेना. एका माणसानं किती बारीक बारीक लिहून ठेवलं होतं. अक्षर कळत नव्हतं तरी मी शेवटपर्यंत बघितलं. कुणीतरी बघायला पाहिजे होतं.

आता यंदा शीतल पुण्यात आहे. सुनेचा पाय बरा आहे. जवारीच्या पेंढ्या पडायला लागल्यात आणि ओसरीतला तो कोपरा मोकळा आहे, तरी मी दुपारी तिथंच टेकतो. रविवारी ती फोन करते. नवं खळं चालतंय, नवीन चार पोरं-पोरी कामाला लागलीत, त्यांना मांडणी वाचता येते. आणि प्रत्येक कामाच्या पुढं त्याला काय काय लागतं ते आता लिहिलेलं असतं.

पण मागच्या पाडव्याचं एक सांगायचं राहिलं. जुनं काढल्यावर चार दिवसांनी हेन्रिकचं एक पत्र आलं होतं, सगळ्यांना नाही, शीतलला एकटीला. त्यात कामाचं काहीच नव्हतं. त्यानं विचारलं होतं, खळं मोडल्यावर तुझ्या आजोबांनी काय केलं?

शीतलनं ते मला वाचून दाखवलं. चाळीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. गोविंदनं नाही, पोरांनी नाही. मी तंबाखूत चुना मळायला घेतला. पुढाऱ्यासारखं काहीतरी छान बोलता आलं असतं. पण त्या माणसानं चालवून बघितल्याशिवाय शब्द काढला नव्हता, त्याला खोटं सांगणं बरं नव्हतं.

"लिही," मी म्हणालो. "दोन वरसं रुसून बसलो. रानातबी गेलो न्हाय धड. ती दोन वरसं वाया गेली. तिसऱ्या साली मशीनपाशी जाऊन बसलो, ते खातंय कसं बघायला. मग कळायला लागलं. पुढं ते अडकलं की माणसं मलाच हाका मारायची."

ती लिहीत होती. मी थांबलो तशी तिनं मान वर केली. एवढंच का, म्हणून विचारलं.

"अजून एक लिही. त्याला म्हणावं, रुसायचं असंल तर रुस. तेवढा हक हाय आपला. पण आठ दिवस. जास्त न्हाय."